दुखऱ्या हाताची बाही

परिचारिकांना त्यांच्या शिक्षणाच्या अगदी आरंभी एक नियम शिकवतात. रुग्णाच्या अंगात सदरा घालावयाचा असेल तर दुखरा हात आधी बाहीत घालावा, आणि सदरा उतरवताना तोच हात शेवटी बाहेर काढावा. नियम इतका साधा आहे की तो शिकवावा लागतो याचेच प्रथम नवल वाटते. परंतु ज्याचा खांदा एकदा निखळला आहे किंवा दंडाचे हाड मोडून ज्याने काही आठवडे हात गळ्यात बांधून काढले आहेत, त्याला या नियमाची किंमत सांगावी लागत नाही. पहिल्या बाहीच्या वेळी सदरा अजून मोकळा असतो. तो हातापर्यंत नेता येतो. दुसऱ्या बाहीच्या वेळी सदऱ्याचा अर्धा भाग पाठीवर अडकलेला असतो, आणि उरलेल्या बाहीचे तोंड गाठण्यासाठी हाताला मागे वळून जावे लागते. हे वळण धडधाकट खांद्यालाच जमते.

माणसाने अंगाबरोबर कपडा शिवावयास घेतला त्या दिवसापासून ही अडचण चालत आली असणार. तरीही तिचा इतिहास शोधू लागले की हाती फारसे लागत नाही. आपल्या बखरी लढायांनी भरलेल्या आहेत, आणि लढाई म्हटली की तुटलेले, मोडलेले, निकामी झालेले हात आलेच. सभासदाने अफजलखानाच्या प्रसंगानंतरचे वर्णन करताना शिवाजी महाराजांनी जखमी झालेल्या लोकांना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत द्रव्य दिल्याचे नमूद केले आहे. जखमेची प्रतवारी करून तिची भरपाई ठरवणारी ही व्यवस्था त्या काळाच्या मानाने विलक्षणच म्हणावी लागेल. परंतु ते होन ज्याने घेतले, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी अंगरखा कसा चढवला, हे कोणी लिहून ठेवले नाही. लिहिण्याजोगे ते कोणाला वाटले नसावे. ते काम घरात होत होते, आणि घरात जे होते ते बखरीत येत नाही.

वैद्यकाच्या ग्रंथांत मात्र थोडे अधिक सापडते. सुश्रुताने जखमा बांधण्याचे चौदा बंध सांगितले आहेत. वाग्भटाने त्यांची संख्या पंधरा केली आणि त्यांत 'उत्संग' नावाचा बंध घातला. उत्संग म्हणजे मांडी. लोंबणाऱ्या अवयवाला आधार देण्यासाठी हा बंध होता. मूल मांडीवर घ्यावे तसा हात कापडात घ्यावयाचा, ही त्या शब्दामागची कल्पना आम्हाला फार बोलकी वाटते. आज अस्थिरोगतज्ज्ञ जिला 'स्लिंग' म्हणतात आणि आपण झोळी म्हणतो, तिचेच हे जुने नाव. युरोपात एकोणिसाव्या शतकात फ्रीड्रिश फॉन एस्मार्क या जर्मन शल्यविशारदाने त्रिकोणी पट्टीचा प्रसार केला. ती कशी बांधावी याची चित्रे पट्टीवरच छापलेली असत, म्हणजे रणांगणावर पोथी उघडण्याची गरज पडू नये. आपल्याकडे उपरणे, पंचा किंवा जुन्या लुगड्याचा मऊ पदर ही कामे विनातक्रार करीत आला आहे. परंतु झोळी हाताला सांभाळते, अंग झाकत नाही. झोळीच्या आत काय घालावयाचे हा प्रश्न तसाच राहतो.

त्याचे उत्तर बाहीच्या बेतण्यात दडलेले आहे. साध्या कोटाची अथवा शर्टाची बाही खांद्याच्या टोकाशी, शिंपी ज्याला मुंढा म्हणतात त्या गोलाकारावर, जोडलेली असते. हा मुंढा जितका घट्ट आणि उंच, तितका कपडा अंगावर नेटका बसतो आणि तितकाच दुखऱ्या हाताला तो वैरी होतो. मुंढा सैल केला की बाही खाली ओघळते. नेटकेपणा आणि सोय यांचे हे भांडण शिंप्यांच्या धंद्याइतकेच जुने आहे. ते मिटवण्याचा एक मार्ग म्हणजे खांद्यावरची शिवणच काढून टाकणे आणि बाही गळपट्टीपासून काखेपर्यंत तिरकी जोडणे. या तिरक्या बाहीला जगभर 'रॅग्लन' म्हणतात, आणि हे नाव ज्या गृहस्थाचे, त्याला उजवा हात नव्हता.

त्या गृहस्थाचा आपल्या इतिहासाशी एक दूरचा धागा आहे. असईच्या रणात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला, आणि फिट्झरॉय सॉमरसेट हा त्याचा विश्वासू सचिव व पुतणजावई. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या लढाईत सॉमरसेटचा उजवा हात निकामी झाला व कापावा लागला. त्या काळी गुंगीचे औषध नव्हते. कापलेला हात सेवक घेऊन जाऊ लागला तेव्हा, त्या बोटात पत्नीने दिलेली अंगठी आहे, तेवढी काढू द्या, असे त्याने म्हटल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, कचेरीचे काम पुन्हा सुरू केले, आणि चाळीस वर्षांनी, लॉर्ड रॅग्लन या नावाने क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सेनेचे नेतृत्व करीत असताना, जून १८५५ मध्ये छावणीतच त्याचा अंत झाला. कपड्यांच्या इतिहासात हे युद्ध फारच फलदायी ठरले, कारण कार्डिगन नावाचा लोकरी अंगरखा आणि बालाक्लाव्हा नावाची कानटोपी ही नावेही तिथूनच आली.

रॅग्लन बाही त्याच्या तुटलेल्या हातासाठीच मुद्दाम बेतली गेली, असे शिवणकामाच्या अनेक पुस्तकांतून ठासून सांगितलेले असते, आणि लंडनच्या ॲक्वास्कुटम या पेढीचे नाव त्याच्याशी जोडले जाते. ही कथा गोड आहे. पण आम्ही ती जरा बेतानेच घेतो. त्याचे नाव एका सैल ओव्हरकोटाला पडले, हे खरे. थोरामोठ्यांची नावे कपड्यांना देण्याची त्या काळी चालच होती. शिवाय ज्याला हातच नाही त्याची अडचण आणि ज्याचा हात आहे पण हलत नाही त्याची अडचण या निराळ्या गोष्टी आहेत. रिकामी बाही कुठेही टाचून टाकता येते. १७९७ च्या जुलैत टेनेरिफ बेटावरील हल्ल्यात आरमारी सेनानी नेल्सन याचा उजवा हात गेला. त्याच्या कोटाच्या रिकाम्या बाहीला छातीवरच्या बटणात अडकवण्यापुरता एक छोटा फासा शिवलेला होता, आणि तेवढ्याने काम भागले. खरी कसोटी लागते ती बरा होऊ घातलेला, सुजलेला, पट्ट्यांत गुंडाळलेला हात कपड्यात घालताना. रॅग्लन बाहीचे खरे उपकार अशा हातांवर झाले. मुंढा खोल आणि ऐसपैस असल्याने कोपर वाकलेला असतानाही तो आत सरकतो, आणि खांद्याच्या दुखऱ्या टोकावर शिवण रुतत नाही.

क्रिमियाच्या युद्धाने आणखी एक नाव मागे ठेवले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे खांदे व हात झाकण्यासाठी फ्लॅनेलचे एक सुटे पांघरूणवजा वस्त्र इंग्लंडात करीत. त्याला 'नाइटिंगेल' म्हणत. फ्लॅनेलचा लांब तुकडा घ्यावयाचा, गळ्याशी छेद देऊन गळपट्टी दुमडावयाची, कोपरे मनगटाशी वळवून बाहीचा आभास निर्माण करावयाचा. कापणे जवळजवळ नाही, शिवणेही थोडेच. ज्यात बाहीच नाही त्यात हात घालण्याचा प्रश्नही उरत नाही. घरची शाल पाठीवरून ओढून पुढे गाठ मारणारी आपली आजी हेच करीत होती, फक्त त्याला कोणी नाव दिले नव्हते.

पहिल्या महायुद्धात मात्र जखमींची संख्या अशी फुगली की घरगुती युक्त्या पुरेनाशा झाल्या. १९१४ नंतर ब्रिटनमध्ये आणि पुढे १९१७ पासून अमेरिकेत गावोगावच्या स्त्रिया मंडळे करून रुग्णांचे कपडे शिवू लागल्या. रेड क्रॉसने त्यांना कागदी नमुने पुरवले. त्यांत 'हेल्पलेस केस शर्ट' या नावाचा एक सदरा होता, म्हणजे पराधीन रुग्णाचा सदरा. या जातीच्या सदऱ्यांची शिवण उकललेली ठेवून तिथे फितींचे बंद लावत, की रुग्णाला न हलवता कपडा अंगावर पसरावा आणि बांधून टाकावा. जखम धुवावयाची तर तेवढेच बंद सोडावे. नाव कठोर आहे, पण त्यात ढोंग नाही. हा सदरा घालणारा स्वतः तो घालू शकत नाही, हे शिवणाऱ्या बाईला पहिल्या टाक्यापासून ठाऊक होते.

हिंडूफिरू लागलेल्या शिपायांना ब्रिटिश रुग्णालयांत निळ्या रंगाचा गणवेश मिळे, पांढऱ्या अस्तराचा, सोबत पांढरा शर्ट व लाल गळपट्टा. मापे मोजकीच असल्याने तो बहुतेकांना बेढब बसे, आणि त्याला खिसे नसत. अधिकाऱ्यांना हा वेष सक्तीचा नव्हता. त्यांना दंडावर एक पट्टा बांधला की पुरे. दुखण्यातसुद्धा दर्जा राखण्याची ही इंग्रजी काळजी पाहून हसावे की खिन्न व्हावे, हे वाचकांनीच ठरवावे.

याच युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. सहाव्या पूना डिव्हिजनने कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सुमारे पाच महिने तग धरला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. त्या आघाडीवरचे जखमी जहाजांनी मुंबईस येत. त्यांतल्या कायमच्या अपंग झालेल्यांना हस्तव्यवसाय शिकवण्यासाठी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये राणी मेरीच्या नावाची शाळा निघाली. पुण्याजवळ खडकीला ती पुढे नांदली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये, पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. बेळगावच्या वाचकांना हे सारे परके वाटणार नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र त्यांच्या शेजारीच आहे, आणि तिथल्या कितीतरी घरांत एखाद्या आजोबांचा वाकडा बरा झालेला हात आठवणीत असतो. या संस्थांनी हाताला काम दिले, हात गेला तेथे हात दिला. कपड्याचा विचार मात्र पुन्हा घरावरच सोडला गेला.

तो विचार स्वतंत्रपणे, शास्त्र म्हणून, प्रथम केला तो न्यूयॉर्कमध्ये, आणि एका कपडे बेतणाऱ्या स्त्रीने. हेलन कुकमन या बायकांचे कोट व सूट बेतण्यात नावाजलेल्या होत्या. त्यांना स्वतःला कमी ऐकू येत असे. डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या पुनर्वसन संस्थेतील रुग्णांना कपडे घालताना काय अडते, याचा त्यांनी तेथे राहून अभ्यास केला आणि १९५५ मध्ये 'फंक्शनल फॅशन्स' या नावाने कपडे तयार करविले. म्युरिएल झिमरमन यांच्यासह त्यांचे पुस्तक १९६१ मध्ये निघाले. कपडे पुढून उघडावेत, झिपला बोट घालण्याजोगी कडी असावी, पाठीला चुण्या देऊन हात पुढे नेण्यास जागा ठेवावी, कुबडीच्या जागी काखेत दुहेरी कापड लावावे, अशा त्यांच्या सूचना होत्या. यांतली एकही गोष्ट चतुर शिंप्याला अवघड नाही. कुकमन यांचा आग्रह निराळाच होता: हा कपडा रस्त्यावरून जाताना चारचौघांसारखाच दिसला पाहिजे, त्यातली सोय फक्त घालणाऱ्याला ठाऊक असावी. रुग्णालयाच्या निळ्या गणवेशाने माणसाला दुरूनच रुग्ण ठरवले होते. कुकमन यांनी तो शिक्का पुसला. त्याच वर्षी, १९५५ मध्ये, स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना वेल्क्रोचे पेटंट मिळाले, आणि एका हाताने लावता-काढता येणारे बंधन शिंप्यांच्या हाती आले. पुढची प्रगती आम्ही सांगत बसत नाही. २०१६ पासून टॉमी हिलफिगरसारख्या मोठ्या पेढ्याही चुंबकी बटणांचे असे कपडे विकू लागल्या, एवढे नोंदले म्हणजे पुरे.

आता आपल्या पेटीकडे वळू. परदेशी शिवणकामाची ही धडपड वाचल्यावर पेटीतली बाराबंदी बाहेर काढून पाहावी. ती पुढून सबंध उघडते, तिला बटण नाही, डोक्यावरून ओढावी लागत नाही, आणि सुजलेल्या हातासाठी बंद सैल ठेवता येतात. अंगरख्याचेही तसेच. तान्ह्या बाळाची बंदांची झबली तर आजही याच रीतीने शिवतात, कारण तान्हे मूलही आपण होऊन हात बाहीत घालत नाही. खणाची जुनी चोळी बाहीला घट्ट, पण समोर गाठीची. दुखरा हात आधी घातला की दुसरी बाजू पाठीमागून सहज पुढे येई. नंतरच्या पोलक्याचे हूकही समोरच होते. रेड क्रॉसच्या बायकांनी फिती लावून जे साधले ते आपल्या बाराबंदीत पूर्वापार होतेच, असे म्हणण्याचा मोह इथे होतो, आणि संस्कृतीचा गौरव करणारे लेख बहुधा इथेच थांबतात.

परंतु बाराबंदीची गाठ एका हाताने मारून पाहावी. ती बसत नाही. चोळीचीही बसत नाही. लुगड्याचा काष्टा एका हाताने खोचता येत नाही, हे सांगावयासच नको. बंदांचा कपडा उघडतो सहज, पण मिटण्यासाठी दोन हात मागतो, आणि दुखऱ्या माणसाजवळ एकच असतो. म्हणजे दुसरा हात घरातल्या कोणाचा तरी, हे त्या बेतण्यातच गृहीत धरलेले होते. मोठ्या घरात तो हात होता. सून, नणंद, विधवा आत्या, कोणीतरी. बहुतेक वेळा ती बाईच असे, आणि तिच्या स्वतःच्या खांद्याची चौकशी कोणी केली असेल, असे आम्हाला वाटत नाही. बखरीतल्या त्या जखमी शिपायाचा अंगरखा बांधणारे हात होनांच्या यादीत आले नाहीत.

ही गोष्ट आपल्यासारख्या घरांना आज विशेष लागू आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांतील तरुण मंडळी पुण्या-बंगळुरास, अमेरिकेस गेली, आणि वाड्यात अथवा त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या सदनिकेत वृद्धा एकटी उरली. न्हाणीघरात पाय घसरतो आणि दंडाचे हाड खांद्याशी मोडते. उतारवयात हाडे ठिसूळ झालेल्या बायकांत हा अस्थिभंग नेहमीचा. अथवा काही न मोडताही खांदा आखडतो. मधुमेह असलेल्यांना हे दुखणे अधिक जडते, आणि त्यातून सुटावयास वर्ष-दोन वर्षेही लागतात. हात पाठीमागे नेणे अशक्य होऊन बसते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पाठीवर हूक असलेले ब्लाउज ज्यांनी हौसेने शिवून घेतले, त्यांची तर पहिल्याच दिवशी अडवणूक होते. मग लेक फोनवरून सांगते, आई, सध्या गाऊनच घाल.

त्या 'सध्या'ला अंत नसतो. हात बरा होतो, गाऊन राहतो. गाऊनमध्ये बाहेर जाणे बरे दिसत नाही म्हणून मंडळाच्या कार्यक्रमास येणे थांबते, मग हळदीकुंकू, मग देवळात जाणेही. परमुलखात आपल्या बायकांनी नऊवारी आणि पुढे पाचवारी साडी ही नुसती वस्त्र म्हणून नेसली नव्हती. बाजारातून जाताना चार अनोळखी माणसे तेवढ्यावरून त्यांना ओळखत. खांद्याच्या दुखण्याने ती ओळख परस्पर काढून घेतली जाते, आणि वैद्यांच्या कागदावर त्याची नोंद होत नाही.

यात करण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते गल्लीतल्या शिंप्याला जमण्यासारखे आहे. ब्लाउजचे हूक पुढे घ्यावेत. हूकाखाली वेल्क्रोची पट्टी लावून हूक नुसते शोभेला ठेवले तरी चालतात. दुखऱ्या बाजूची खांद्याची शिवण गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत उकलून तिथे टिचबटणे बसवावीत, म्हणजे हात बाहीत घालावाच लागत नाही, बाही हातावर मिटते. पदर वरून आला की काही दिसत नाही. मुंढा दोन बोटे खोल धरावा, काखेत चौकोनी तुकडा घालावा. निऱ्या आधीच टाके घालून बसवलेली, कमरेला हूकाची साडी आता शहरांत शिवून मिळते; जुन्या वळणाच्या बायका तिला नाके मुरडतात, पण एका हाताने ती नेसता येते. पुरुषांच्या सदऱ्याला हीच रीत लागू, फक्त टिचबटणे काजांच्या पट्टीखाली लपवावीत.

शिंप्याकडे जाताना एक काळजी मात्र घ्यावी लागते. माप देताना तो सवयीने हात वर करा म्हणतो. त्याला आधीच सांगावे, की हात जसा लोंबतो आहे तसाच राहू दे आणि फीत त्याच्याभोवती फिरव. आणि सुजेसाठी बोटभर जागा सोड, ती पुढे आत घेता येईल.